‘साउंडप्रूफ’च्या नावाखाली २ लाख ८८ हजार: हॉलचं काम देण्याआधी वाचा

जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात समाजाचं मंगल कार्यालय आहे. हॉल ६० बाय ४० फूट, उंची १६ फूट. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, वर आरसीसी स्लॅब, भिंतींना पुट्टी आणि ऑइलपेंट, स्टेजला मखमली पडदा. पारोळ्यापासून शहाद्यापर्यंत असे हॉल आता जागोजागी उभे आहेत. लग्नात हॉल भरलेला असतो, तेव्हा फारसं जाणवत नाही. पण साखरपुड्याला शंभर माणसं असली किंवा समाजाची बैठक असली, की माइकवरचा एकही शब्द धड पोचत नाही. मागच्या रांगेतून हमखास ऐकू येतं, “काय बोली ऱ्हायना भो, काहीच समजस नई.”

या घुमण्यावर उपाय म्हणून कार्यालयाच्या पंचांनी एका ठेकेदाराला बोलावलं. त्याचं नाव इथे देत नाही. काम कसं फसवून केलं ते टप्प्याटप्प्याने देत आहोत, कारण हीच पद्धत दुसऱ्या हॉलमध्येही सहज खपू शकते.

पहिल्या भेटीत त्याने आतून फोम लावलेली एक लाकडी पेटी आणली. वाजता मोबाइल आत ठेवला, झाकण लावलं, आवाज जवळजवळ बंद. “आप्पा, अख्खा हॉल असा करून देतो. बाहेरचा डीजे आत येणार नाही आणि आतला घुमणार नाही.” सगळ्या फसवणुकीची सुरुवात या एका वाक्यात आहे. आवाज आरपार जाऊ न देणं आणि खोलीतला आवाज शोषून घेणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि एकाचा माल दुसऱ्याला चालत नाही.

आवाज अडवायला वजन लागतं. भिंतीचं वजन दुप्पट केलं तर अडवणूक साधारण ५ ते ६ डेसिबलने (डेसिबल हे आवाजाच्या पातळीचं माप) वाढते. दोन्ही बाजूंनी प्लास्टर केलेली नऊ इंची विटेची भिंत त्यामुळेच चांगलं काम करते. मूठभर वजनाचा फोम करत नाही. पेटीत आवाज दबला तो जाड लाकडामुळे आणि घट्ट बसणाऱ्या झाकणामुळे. झाकण बोटभर उघडून दाखवा म्हटलं असतं, तर खेळ तिथेच संपला असता. भिंत कितीही भक्कम असो, तिच्या क्षेत्रफळाच्या १ टक्का जागा जरी उघडी राहिली तरी एकूण अडवणूक २० डेसिबलच्या वर जात नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात कूलर चालतात, कूलरला खिडक्या उघड्या लागतात. उघड्या खिडकीच्या हॉलला ‘डीजे आत येणार नाही’ असं कोणी सांगत असेल, तर त्याला तिथूनच परत पाठवावं.

शोषणाने आवाजाची पातळी किती उतरते तेही माहीत असलेलं बरं. खोलीतलं एकूण शोषण दुप्पट केलं तर आतला आवाज फक्त ३ डेसिबलने उतरतो. पण घुमण्याचा वेळ, म्हणजे आवाज थांबल्यावर तो विरायला लागणारा वेळ, निम्मा होतो, आणि शब्द कळायला तेच हवं असतं.

दुसऱ्या भेटीत कागद आला: १२ मिलिमीटर जाडीचं पॉलिएस्टर फेल्टचं पॅनेल, ‘एनआरसी ०.८५’. एनआरसी म्हणजे माल किती आवाज शोषतो त्याचा अंक. हा आकडा २५०, ५००, १००० आणि २००० हर्ट्झ (सेकंदाला होणारी कंपनं, म्हणजे आवाजाची पट्टी) या चार ठिकाणच्या शोषणाची सरासरी असतो. ढोल आणि डीजेचा बेस १२५ हर्ट्झच्या आसपास आणि त्याखालचा. तो या आकड्यात धरलेलाच नसतो. पंचांना कळलं नाही ते मात्र वेगळंच होतं. रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर ‘माउंटिंग’ या शब्दापुढे ई-४०० लिहिलं होतं. म्हणजे प्रयोगशाळेत ते पॅनेल मागे ४०० मिलिमीटर, जवळजवळ सोळा इंच, पोकळी ठेवून तपासलं होतं. हॉलमध्ये ते थेट भिंतीला चिकटवलं गेलं. तशा बसवणुकीला ‘टाइप ए’ म्हणतात आणि तिचा आकडा वेगळा येतो. रिपोर्ट खरा होता, पण या कामाचा नव्हता.

पोकळीने एवढा फरक का पडतो? आवाज म्हणजे हवेच्या कणांची मागे-पुढे होणारी हालचाल. सच्छिद्र मालाच्या धाग्यांमधून हे कण घासत जातात आणि त्यांची शक्ती उष्णतेत जाते. भिंतीला अगदी लागून कण हलूच शकत नाहीत. त्यांची हालचाल सगळ्यात जास्त असते ती भिंतीपासून पाव तरंगलांबीवर. ५०० हर्ट्झची तरंगलांबी सुमारे ६८ सेंटिमीटर, तिचा पाव १७ सेंटिमीटर. १२ मिलिमीटरचा पातळ थर भिंतीला चिकटवला, तर तो जिथे हालचालच नाही तिथे बसतो. ‘स’, ‘श’सारखे वरच्या पट्टीचे आवाज तो खातो, पण माणसाच्या बोलण्याचा गाभा तसाच घुमत राहतो. उलट काही वेळा आवाज कोंदट वाटतो आणि शब्द आणखी अस्पष्ट होतात.

आता हिशेब. हॉलचं घनफळ ३८,४०० घनफूट. फुटांमध्ये घुमण्याचा वेळ काढायला घनफळाला ०.०४९ ने गुणायचं आणि एकूण शोषणाने भागायचं. शोषण म्हणजे प्रत्येक पृष्ठभागाचं क्षेत्रफळ गुणिले त्याचा शोषणांक, म्हणजे पडलेल्या आवाजातला किती भाग तो शोषतो तो आकडा. उघडी खिडकी १ धरली जाते, कारण तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही. ५०० हर्ट्झला टाइल्स, स्लॅब आणि रंगवलेलं प्लास्टर जेमतेम ०.०२. पडदा, काचा, दारं आणि प्लास्टिकच्या खुर्च्या धरून या हॉलचं शोषण ३८४ चौरस फूट भरतं. वेळ निघतो ४.९ सेकंद. बोलणं नीट कळायला एवढ्या हॉलमध्ये तो १ ते १.२ सेकंदांच्या आसपास हवा.

ठेकेदाराने १,२०० चौरस फूट पॅनेल ०.८५ ने धरलं आणि १.४ सेकंद लिहून दिले. हिशेबाची रीत बरोबर होती, आकडा खोटा होता. थेट चिकटवलेल्या १२ मिलिमीटर फेल्टचा ५०० हर्ट्झचा शोषणांक ०.२ च्या आसपास असतो. शिवाय पॅनेल १,२०० फूट लागलंच नाही. टेप लावून मोजलं तर ८६० चौरस फूट. दारं-खिडक्यांची जागा बिलात तशीच धरलेली. २४० रुपये दराने ३४० फुटांचे ८१,६०० रुपये नुसत्या हवेचे. खरा वेळ निघाला ३.५ सेकंद.

मग ताबा देताना पंचांनी काम पास कसं केलं? ही युक्ती सगळ्यात सफाईदार होती आणि सगळ्यात जास्त राग तिचाच येतो. कामाआधीची चाचणी त्याने रिकाम्या हॉलमध्ये घेतली: फुगा फोडला, मोबाइलवर रेकॉर्ड केलं, घुमणं सगळ्यांना ऐकवलं. कामानंतरच्या चाचणीला ‘बैठकीसाठी’ म्हणून साठ गाद्या अंथरून घेतल्या. सहा बाय तीनच्या साठ गाद्या म्हणजे १,०८० चौरस फूट कापूस. खान्देशी कापसाची जाड गादी बोलण्याच्या पट्टीत निम्म्याहून जास्त आवाज शोषते. त्या एकट्या गाद्यांनी वेळ दीड सेकंदाच्या आसपास आणला. पंचांनी माना डोलावल्या आणि मोठा हप्ता दिला. गाद्या उचलल्या, खुर्च्या मांडल्या, पन्नास माणसांची पहिली बैठक झाली आणि घुमारा परत आला.

गादीची ही ताकद नवी नाही. १८९५ मध्ये अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातल्या फॉग संग्रहालयाचं व्याख्यानगृह घुमण्यामुळे निकामी ठरलं होतं. वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाने रात्रीच्या शांततेत शेजारच्या सँडर्स थिएटरच्या खुर्च्यांवरच्या गाद्या उचलून आणल्या, थोड्या थोड्या वाढवल्या आणि ऑर्गनच्या नळीचा सूर विरायला किती वेळ लागतो ते प्रत्येक वेळी मोजलं. वर दिलेलं सूत्र त्याच मोजणीतून आलं. त्याने गाद्या मोजण्यासाठी वापरल्या, इथे त्या लपवाछपवीसाठी वापरल्या गेल्या.

आपली जुनी धाब्याची घरं कधी अशी घुमायची नाहीत. शेणाने सारवलेली भुई, मातीच्या भिंती, लाकडी सर आणि त्यावरचं मातीचं धाबं, कोपऱ्यात धान्याची पोती आणि गोधड्यांची चळत. घुमण्याचा त्रास सुरू झाला तो गुळगुळीत टाइल्स आणि पुट्टीबरोबर.

फसवणुकीचे आणखी काही प्रकार, थोडक्यात. भोकांच्या जिप्सम बोर्डामागे ग्लासवूल किंवा रॉकवूल (काचेच्या किंवा दगडाच्या धाग्यांचा कापसासारखा माल) टाकलेलंच नसतं. एक बोर्ड उतरवून बघितल्याशिवाय बिल देऊ नये. नंतर रंगारी येतो आणि रोलरने रंग मारून भोकांमागचं टिश्यूचं पातळ, सच्छिद्र अस्तर बुजवून टाकतो. खाचांच्या लाकडी पॅनेलमध्ये पुढे खाचा असतात, पण मागे भोकं नसतात. ती नुसती नक्षी. कापडाऐवजी रेक्झिन लावतात. कापड तोंडाशी धरून फुंकर मारा: श्वास आरपार गेला तर आवाजही जाईल. थर्मोकोल आणि पीव्हीसीचे लूव्हर तर शोषकच नाहीत. थर्मोकोलचे कप्पे बंद असतात, हवा आत शिरतच नाही.

एक गोष्ट मात्र पैशांपेक्षा मोठी आहे. या ठेकेदाराने स्टेजच्या मागे पिरॅमिडच्या आकाराचा पीयू (पॉलियुरेथेन) फोम ‘फुकट’ लावून दिला होता. वरमाला घालताना स्टेजवर फुलबाज्या उडतात, त्याच्या अगदी जवळ. २७ जानेवारी २०१३ ला ब्राझीलमधल्या सांता मारिया शहरात किस नाइटक्लबमध्ये स्टेजवरच्या आतषबाजीने छताचा असाच फोम पेटला आणि २४२ माणसं गेली, बहुतेक विषारी धुराने. कोणताही फोम लावण्याआधी बोटभर तुकडा उघड्यावर, चिमट्यात धरून, धूर अंगावर येणार नाही अशा, वारा जिकडून येतो त्या बाजूला उभं राहून पेटवून बघा. ज्योत काढल्यावरही जळत राहिला किंवा पेटते थेंब गळले, तर तो माल परत. विझला तरी एवढ्यावर विसंबू नका, आगीच्या चाचणीचा रिपोर्ट लेखी मागा. इथला फोम दुसऱ्याच दिवशी उतरवला गेला.

करारात काय लिहून घ्यायचं ते या प्रकरणावरून पक्कं ठरतं. मालाची जाडी मिलिमीटरमध्ये आणि घनता किलो प्रति घनमीटरमध्ये. रिपोर्टमधली माउंटिंग आणि हॉलमधली बसवणूक एकच. क्षेत्रफळ प्रत्यक्ष लागलेलं, दारं-खिडक्या वजा करून. कामाआधीची आणि नंतरची चाचणी एकाच स्थितीत: हॉल रिकामा, सतरंज्या-गाद्या बाहेर, खुर्च्या तेवढ्याच, पंखे-कूलर बंद, दारं लावलेली, किमान तीन जागी, आणि १२५ पासून २००० हर्ट्झपर्यंत प्रत्येक पट्टीचा आकडा वेगळा. शेवटचे ३० टक्के या आकड्यांनंतरच. इथल्या पंचांनी ७० टक्के, म्हणजे २,०१,६०० रुपये, आधीच देऊन टाकले होते. बाकीचे अडवून धरले आहेत.

हॉलची दुरुस्ती छतापासून सुरू केली, कारण स्लॅब ही सगळ्यात मोठी मोकळी जागा आणि तिथे खुर्च्यांचे धक्के लागत नाहीत. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) सेक्शनची चौकट स्लॅबपासून चार इंच खाली, तिच्यात ५० मिलिमीटर जाडीचं, ४८ किलो घनतेचं रॉकवूल, धागे गळू नयेत म्हणून टिश्यूत गुंडाळलेलं, खाली फुंकर जाणारं कापड. पंख्यांच्या दांड्यांभोवती जागा सोडून १,००० चौरस फूट बसलं. रिकाम्या हॉलचा हिशेबी वेळ १.४ सेकंद, दीडशे माणसं बसली की ०.९. भिंतीवरची पॅनेल मे महिन्याच्या उन्हात डिंक सुटून खाली येऊ लागली होती. ती दोन इंची पट्ट्यांवर स्क्रूने परत बसवली, मागे रॉकवूल भरून. कूलरच्या तोंडासमोरची चार तेवढी काढून टाकली, ओलीने त्यांना बुरशी लागली होती.