योसेमिटीत खाणं कशात ठेवाल? पेटी, डबा, पिशवी आणि दोरी

मे महिना लागला की सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियातल्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो: "योसेमिटीला तंबूत राहायचंय, अस्वलांचं काय करायचं?" मग उत्तरांचा पाऊस. कुणी म्हणतं, पिशवी झाडाला टांगा. कुणी म्हणतं, गाडीत ठेवून काचा लावा. तिसरा एखाद्या भारी पिशवीची लिंक टाकून मोकळा होतो. योसेमिटी या कॅलिफोर्नियातल्या राष्ट्रीय उद्यानात रात्री यातलं एकही चालत नाही. झाडाला टांगणं तर सरळ नियमाविरुद्ध आहे.

आधी अस्वलाबद्दल थोडं. इथलं अस्वल म्हणजे काळं अस्वल, दिसायला बरेचदा तपकिरी. तपकिरी दिसलं की आपली मंडळी "ग्रिझली, ग्रिझली" करतात. पण ग्रिझली हे वेगळं, मोठं अस्वल कॅलिफोर्नियातून १९२० च्या दशकातच संपलं, आता ते फक्त राज्याच्या झेंड्यावर आहे. योसेमिटीत काळ्या अस्वलानं आजवर कुणाचा जीव घेतलेला नाही. त्याला तुमच्यात रस नसतो, तुमच्या चिवड्यात असतो. माथेरानच्या माकडांनी ज्यांच्या हातातली पिशवी पळवलीय त्यांना हे लगेच कळेल. फरक एवढाच की माकड पिशवी नेतं आणि विषय संपतो. माणसांच्या खाण्याला चटावलेलं, धीट झालेलं अस्वल मात्र शेवटी मारावं लागतं.

तेव्हा पहिला निर्णय हा, की तुम्ही गाडीनं कॅम्पग्राउंडवर जाणार की पाठीवर सॅक टाकून रानात मुक्काम करणार.

गाडीनं जाणार असाल तर विकत काहीच घ्यायचं नाही. प्रत्येक जागेवर तपकिरी लोखंडी पेटी असते, साधारण ११४ सेंटिमीटर रुंद, ८४ खोल आणि ४६ उंच. खाण्याचं सगळं आत आणि कडी पक्की. ऐकायला सोपं आहे. आम्ही आठ जण खाणं गार ठेवायचे दोन मोठे कूलर घेऊन गेलो होतो आणि त्यातला एक ४६ सेंटिमीटरमध्ये बसेना. रात्री नऊ वाजता टॉर्च दातात धरून भिजलेलं पनीर, दह्याचा डबा, फुटलेली अंडी असं एकेक बाहेर काढून पेटीत रचलं. रिकामा कूलर तरी गाडीत ठेवू म्हटलं, तर तोही चालत नाही. मग तो आडवा करून कोंबला. निघण्याआधी घरीच कूलरची उंची मोजा, एवढंच सांगतो.

"खाणं" या शब्दात इथे वास येणारं सगळं येतं: साबण, टूथपेस्ट, सनस्क्रीन, कचरा, न धुतलेलं भांडं. आपल्याकडून हमखास राहतात त्या बाळाच्या ओल्या पुसण्या आणि कार सीटच्या फटीतला बिस्किटांचा चुरा. ही चेष्टा नाही. २००१ ते २००७ या काळात योसेमिटीत अस्वलांनी फोडलेल्या गाड्यांच्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा पार्किंगमधल्या प्रमाणाच्या मानानं मिनीव्हॅन कितीतरी जास्त निघाल्या. एक अंदाज असा की मुलंबाळं असलेल्या घराच्या गाडीत सांडलवंड जास्त. १९९८ हे तर सगळ्यात वाईट वर्ष. त्या एका वर्षात दीड हजारांच्या घरात घटना झाल्या आणि नुकसान सहा लाख डॉलरच्या वर गेलं. दाराची चौकट वरून धरून अस्वल ती केळ्याच्या सालीसारखी खाली ओढतं. म्हणून अंधार पडल्यावर गाडीत काही ठेवायचं नाही. दिवसा काचा बंद करून, वस्तू नजरेआड ठेवून चालतं.

आता सॅकवाल्यांचं. खरा घोळ इथेच आहे.

योसेमिटीच्या रानात मुक्कामाला कडक डबा सक्तीचा आहे, म्हणजे अस्वलाला न फुटणारा, न उघडणारा बेअर कॅनिस्टर. दोन प्रकार जास्त दिसतात. एक काळा गार्सिया, साधारण १२०० ग्रॅमचा, झाकणावर दोन खाचा. त्यात नाणं घालून फिरवलं की उघडतो. दुसरा बेअरव्हॉल्टचा निळसर पारदर्शक डबा. मोठा साडेअकरा लिटरचा, वजन ११५० ग्रॅमच्या आसपास, आणि छोटा सात लिटरच्या थोडा वर. बेअरव्हॉल्टचं तोंड रुंद आणि आतलं दिसतं, त्यामुळे मीठ शोधायला सगळा डबा उपसावा लागत नाही. पण पहाटे बोटं गारठलेली असताना ते झाकण फिरवून बघा! खटक्यावरून पुढे सरकायला तयार होत नाही. शेवटी मी एटीएम कार्ड मध्ये सरकवून उघडलं. गार्सियाचं तोंड अरुंद आहे, पण थंडीत तो कुरकुर करत नाही. नाणं मात्र हरवायचं नाही.

डब्यात काय मावतं हा लिटरचा हिशोब नाही, खाणं कसं भरता त्याचा आहे. फुगलेली पाकिटं घरीच फोडून साध्या पिशव्यांत घ्या. चिवडा हातानं भरडून दाबून भरला की निम्म्या जागेत बसतो. लाडू गोल न वळता वडीसारखे थापले तर कडेला उभे राहतात. ब्रेड विसरा, पोळ्यांची गुंडाळी करा. पिठल्याचं पीठ तिखट-मीठ-हिंग घालून घरूनच तयार ठेवा. एवढं केलं तर मोठ्या डब्यात आमचं दोघांचं तीन दिवसांचं बसतं, तेही टूथपेस्ट आणि सनस्क्रीनसकट. पहिल्यांदा मी मॅगीची पाकिटं तशीच घातली होती आणि अर्ध्या डब्यात हवाच भरून नेली.

हलकं काही हवं म्हणून लोक उर्सॅककडे वळतात. जाड विणीच्या मजबूत कापडाची पिशवी, साडेदहा लिटर आणि वजन सव्वादोनशे ग्रॅमच्या आत. डब्याच्या एक पंचमांश! मोह होणारच. ती कुचकामी नाही. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानालगतच्या वेस्ट यलोस्टोन गावात अस्वलांचं एक केंद्र आहे, तिथे अशा वस्तू खऱ्या ग्रिझलींपुढे टाकतात आणि एकूण ६० मिनिटं त्यांची झटापट होऊ देतात. त्या परीक्षेत उर्सॅक उतरलेली आहे. पण पिशवी टिकली तरी आतल्या खाण्याचा लाळेत भिजलेला लगदा होतो. मुख्य म्हणजे योसेमिटीत ती मान्य नाही. जिथे चालते अशा जंगलांत वर्षाला चार-पाच ट्रेक करणार असाल तर घ्या, नाहीतर कपाटात पडून राहील.

दोरीबद्दल फार लिहीत नाही. दोन पिशव्या एकमेकींना तोलून फांदीवर टांगायची जुनी रीत इथल्या अस्वलांनी केव्हाच पाठ केलीय. दोरी चावून तोडतात, बारीक फांदीवर पिल्लू चढतं.

कडक डबाही अभेद्य समजू नका. न्यूयॉर्क राज्यातल्या ॲडिरोंडॅक डोंगरात कानात पिवळे बिल्ले असलेली एक मादी बेअरव्हॉल्टचं झाकण दातानं दाबून उघडायला शिकली. कंपनीनं आणखी एक खटका बसवला, तोही तिनं जमवला. योसेमिटीत स्नो क्रीक धबधब्याच्या वरच्या बाजूला एका अस्वलानं त्याहून सोपी युक्ती काढली: डबा कड्यावरून लोटायचा आणि खाली जाऊन फुटलेल्यातलं खायचं. म्हणून डबा तंबूपासून दूर ठेवायचा, पण कड्याजवळ किंवा ओढ्याच्या काठी नाही. त्याला दोरी बांधायची नाही, अस्वलाला ओढायला आयतं मिळतं.

समोर आलंच तर? मुक्कामाच्या जागी आलं तर सगळ्यांनी एकत्र उभं राहून ओरडायचं, भांडी वाजवायची, मात्र त्याला घेरायचं नाही. रानात त्याच्या वाटेनं चाललं असेल तर निदान ४५ मीटर लांबून बघायचं आणि त्याला जाऊ द्यायचं. खाणं त्याच्या तोंडात गेलं की ते त्याचं. आणि बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलावर मारायचा तिखट फवारा, योसेमिटीत बेकायदा आहे. यलोस्टोनमध्ये उलट, तिथे जवळ ठेवा असंच सांगतात आणि अंतरही ९१ मीटर. एकाच उन्हाळ्यात दोन्हीकडे जाणाऱ्यांची इथे गफलत होते.

पहिलीच वेळ असेल तर माझं मत: रानात मुक्कामाचं परमिट घ्यायला उद्यानाच्या वाइल्डरनेस सेंटरला जाता, तिथेच डबा भाड्यानं घ्या. तीन रात्री पाठीवर वागवल्यावर आपल्याला हे जमतं की नाही ते कळतं. दुसऱ्या वर्षी परत निघालात तर मोठा बेअरव्हॉल्ट विकत घ्या. संध्याकाळी बसायला स्टूल म्हणूनही तो बरा. भाड्याचा गार्सियासारखा खाचांचा असेल तर पाव डॉलरचं नाणं चिकटपट्टीनं टॉर्चला लावून ठेवा. मी एकदा खिशात ठेवलं होतं, आणि पहिल्या रात्री भरलेल्या डब्यासमोर आम्ही दोघं चमच्याच्या दांड्यानं खटपट करत बसलो होतो.