गोचीड काढायची किट: चिमट्याला ५ पैकी ५, सोबतच्या पत्रकाला ५ पैकी १

काजूचा सीझन सुरू व्हायच्या आधी ऑनलाइन एक 'टिक किट' मागवली होती, साडेचारशेला. आमची बागायत सिंधुदुर्गातल्या दोडामार्गच्या बाजूला, माकडताप, म्हणजे गोचीड चावून होणारा आजार, आमच्याकडे पेपरातली बातमी नाही, २०१६ ला याच तालुक्यात लोकं आजारी पडली, दगावली पण. म्हणून म्हटलं बघू तरी काय येतं.

पाकिटात बारीक टोकाचा स्टीलचा चिमटा, प्लास्टिकचे दोन हुक (एक छोटा एक मोठा), भिंगाचं कार्ड, स्पिरिटचे पुसणे, दोन-तीन झिप पिशव्या आणि लाईम डिसीजवरचं (हा गोचिडीनेच होणारा दुसरा आजार) घडीचं पत्रक.

आधी चिमट्याबद्दल. एक नंबर. टोकं एकदम नीट जुळतात, मधे फट राहत नाही. चिकटलेली गोचीड कातडीला लागून, म्हणजे तोंडाजवळ, पोटाला नाही, अशी धरायची आणि झटका न देता सरळ वर ओढायची. पोट दाबलं तर आतला ऐवज आपल्याच अंगात जायची भीती असते. आमच्याकडे रॉकेल लावतात, विडीचा चटका देतात, कोण चुना फासतो, या सगळ्यात ती उलट आणखी लाळ सोडते असं डॉक्टर सांगतात. मोठे काका चिमटा बघून म्हणाले, "गोचीड काढूक चिमटो कित्याक व्हयो? मी नखान काढतंय." नखाने काढली की ती फुटते आणि ते बोटाला लागतं, हे त्यांना पटवायला सगळी दुपार गेली, आता तेच चिमटा मागून घेतात.

हुक मात्र कुत्र्यासाठीच ठेवा. कुत्र्याच्या कानामागे टम्म फुगलेली असते ती मोठ्या हुकात अडकवून फिरवली की मस्त निघते. पण माणसाला माकडताप जास्त करून देतात ती गोचिडीची पिल्लं, खसखशीच्या दाण्याएवढी, पातेऱ्यात, म्हणजे गळलेल्या पानांत, असतात आणि डिसेंबर ते मे जोरात, म्हणजे नेमकं आपण बी वेचायला वाकतो तेव्हाच. ही छोट्या हुकाच्याही फटीतून सरळ सटकतात. तिथे चिमटा आणि भिंग दोन्ही लागतं. भिंग ठीकठाक, कडेला चित्र वाकडं दिसतं, पण पोटरीवरचा काळा ठिपका तीळ आहे की पायवाला आहे एवढं कळतं.

आता पत्रक. चुकीचं काही लिहिलेलं नाही, फक्त ते अमेरिकेसाठी आहे आणि इथे विकताना कोणी एक ओळ बदललेली नाही. बागेतलं हिरवळीचं मैदान आणि जंगल यांच्या मधे तीन फूट लाकडाच्या चिपांचा पट्टा टाका म्हणे, अहो आमची बागायत म्हणजेच जंगल. घरी आल्यावर कपडे ड्रायरमध्ये दहा मिनिटं फिरवा म्हणे. आम्ही उकळत्या पाण्यात भिजवतो, मग उन्हात.

हे हसण्यावारी नेता येतं, पुढचं नाही. पत्रकात मोठ्या अक्षरात आहे की गोचीड २४ तासांच्या आत काढली तर धोका फार कमी आणि चावल्यावर गोल लाल चकंदळ उठतंय का ते महिनाभर बघा. हे लाईमपुरतं खरं आहे, कारण लाईमचे जंतू म्हणजे बोरेलिया हे बॅक्टेरिया, ते गोचिडीच्या पोटातून लाळेत यायला वेळ घेतात. माकडताप हा व्हायरस आहे, त्याला हा २४ तासांचा हिशोब लावून गप्प बसायचं नाही. आणि त्यात असं चकंदळ उठतही नाही. चावल्यापासून तीन ते आठ दिवसांत एकदम कडक ताप, डोकं फुटेल असं दुखतं, अंग मोडून येतं, काहींना हिरड्यांतून नाकातून रक्त. कोणी चकंदळाची वाट बघत घरी बसला तर काय होईल विचार करा.

गोळ्यांचंही तसंच. पत्रकात डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकबद्दल डॉक्टरांना विचारा असं आहे. लाईमला ती चालते, आपल्याकडच्या स्क्रब टायफसलाही चालते (तो गोचिडीने नाही, बारीक किड्याने होतो, चावल्या जागी बऱ्याचदा काळी खपली धरते), पण माकडतापावर तिचा काही उपयोग नाही आणि त्यावर खास असं औषधच नाही, ताप आणि पाणी सांभाळायचं, ॲडमिट व्हायचं. लाईमच्या केसेस भारतात झाल्यात, वायनाडकडे सापडल्यात, पण तुरळक. आमच्या भागात ताप आला तर डॉक्टरला पहिल्यांदा सांगायचं की काजूत गेलो होतो आणि आसपास वानर किंवा केलडी (माकडं) मेलेली दिसली का ते. मेलेल्या माकडाजवळ तर जाऊच नका, ते मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी तिथेच खाली उतरतात.

किटमध्ये अंगाला लावायचं काहीच नाही, ही मोठी उणीव. कर्नाटकात शिवमोग्ग्याकडे, जिथे १९५७ ला हा आजार पहिल्यांदा सापडला, गोचीड लांब ठेवणारं डेपा तेल वाटतात, ते डीआरडीओच्या (संरक्षण खात्याची संशोधन संस्था) ग्वाल्हेरच्या लॅबचं. कपड्यांवर मारायचं परमेथ्रिन हे कीटकनाशक पत्रकात सुचवलंय, पण मेडिकलमध्ये नुसतं परमेथ्रिन मागितलं तर खरजेची ५ टक्क्यांची क्रीम हातात देतील, ती ही नव्हे. फुल पँट मोज्यात खोचून वर गमबूट, एप्रिलच्या उकाड्यात जीव जातो, पण तेवढं करायचंच, आणि घरी आल्याआल्या आंघोळ, काख, गुडघ्यामागे, कमरेच्या पट्ट्याखाली बघणं.

डिलिव्हरी वेळेत, पाकीट ओलं झालं नव्हतं. किटसोबत लाईमच्या ब्लड टेस्टचं डिस्काउंट कूपन पण येतं, ते फाडून टाका, चावल्यावर लगेच केली तर अँटीबॉडी तयारच झालेल्या नसतात, निगेटिव्ह येणार आणि पैसे जाणार.

पुढच्या सीझनला अख्खी किट घेणार नाही. तसाच बारीक टोकाचा चिमटा सुटा बघतोय, दर गड्याला एक.