थेट दुसऱ्या वर्षाच्या डिप्लोमासाठी : आयटीआय की द्विलक्षी?

दहावीनंतर लगेच तीन वर्षांचा डिप्लोमा करायचे ज्यांचे ठरले आहे, त्यांना या तुलनेची गरज नाही. प्रश्न पडतो तो आधी हाताला काही काम यावे आणि पुढे थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेण्याची वाटही मोकळी राहावी, असे वाटणाऱ्या पालकांना. आमच्या पुतण्याने इलेक्ट्रिशियन ट्रेडचा दोन वर्षांचा आयटीआय केला. त्यानंतर मुलासाठी मी विज्ञान शाखा आणि इलेक्ट्रिकल मेंटेनन्स हा द्विलक्षी विषय, म्हणजे अकरावी-बारावीला नेहमीच्या विषयांसोबत घेतला जाणारा व्यावसायिक विषय, निवडला. पुढे दोघेही इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षातच दाखल झाले.

हातच्या कामात आयटीआय निर्विवाद सरस आहे. पुतण्या स्टार-डेल्टा स्टार्टरची (मोटर सुरू करण्याच्या उपकरणाची) वायरिंग आकृती न पाहता करतो; मुलगा अजून आकृतीवर बोट ठेवून चालतो. द्विलक्षी विषयाचे 200 गुण दुसरी भाषा आणि बहुधा जीवशास्त्र यांच्या जागी येत असल्याने बरेच जण तो गुणांची सोय म्हणूनच घेतात, आणि सीईटी जवळ आली की प्रात्यक्षिके उरकली जातात, हेही मान्य करायला हवे.

तरीही माझे मत ठरवले ते पुतण्याला वर्गात वारंवार ऐकाव्या लागलेल्या एका वाक्याने : ‘हे फर्स्ट इयरला झालंय.’ एसी सर्किटचा इम्पीडन्स, म्हणजे प्रवाहाला होणारा एकूण विरोध, फळ्यावर ‘आर अधिक जे एक्स’ असा लिहिला जाई आणि गणित पुढे सरके. पण ज्याने पहिले वर्ष केलेलेच नाही आणि ज्याच्या आयटीआयमधल्या वर्कशॉप कॅल्क्युलेशन या गणिताच्या विषयात शेकडेवारी, क्षेत्रफळ आणि जुजबी त्रिकोणमिती यांपलीकडे फारसे काही नव्हते, त्याला तो ‘जे’, म्हणजे संमिश्र संख्यांमधले उणे एकचे वर्गमूळ, कुठून आला हे सांगायला कोणी थांबत नसे. चूक शिक्षकांची म्हणवत नाही, कारण अभ्यासक्रमच एकमेकांना जोडलेले नाहीत. मुलाने मात्र संमिश्र संख्या अकरावीच्या गणितातच सोडवल्या होत्या, त्यामुळे त्याचे तिथे अडले नाही.

डिप्लोमा होईलच याची खात्री नसेल, किंवा घरात लवकर कमाई हवी असेल, तर आयटीआयचे प्रमाणपत्र अधिक उपयोगी पडेल. फक्त वेल्डरसारखा एका वर्षाचा ट्रेड न घेता दोन वर्षांचाच घ्यावा. डिप्लोमा करायचाच असेल, तर माझा कल द्विलक्षीकडे आहे, अर्थात गणित न सोडता. तरीही आयटीआयमार्गेच जायचे असल्यास, निकाल आणि प्रवेश यांमधल्या काळात पहिल्या वर्षाच्या गणिताचे पुस्तक मिळवून निदान संमिश्र संख्यांचे प्रकरण कोणाकडून तरी समजून घ्यावे.