एमएक्स-५, अकरा महिने वापरून: आधी झाड बघा, मग गाडी

गाडीचं कौतुक वाचायचं असेल तर ते कुठेही मिळेल. माझदाची दोन सीटची, छत उघडणारी एमएक्स-५ १९८९ पासून बनते आहे, २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी कारखान्याबाहेर पडली, गिअर टाकताना मनगट जेमतेम हलतं, वगैरे सगळं तुम्हाला पाठ असणार. भारतात माझदा गाड्या विकत नाही, त्यामुळे हे मुख्यतः इंग्लंडात राहणाऱ्या आणि वापरलेली गाडी बघत असलेल्या मंडळींसाठी आहे. इथली गाडी चौथ्या पिढीतली, १.५ लिटरची, कापडी टपाची. गॅरेज नाही, रस्त्यावरच उभी, बाराही महिने वापरात. इंजिन, गिअर, ब्रेक यांच्याबद्दल अवाक्षर काढायला जागा नाही. सीटमागचा गालिचा मात्र ओला झाला. दोष गाडीचा नाही, डोक्यावरच्या बर्चच्या झाडाचा आणि ते झाड न बघता जागा निवडणाऱ्याचा.

म्हणून बाकी सगळं नंतर, आधी मोरी.

टपावरून मागे ओघळणाऱ्या पाण्यातलं बरंचसं बॉडीवरून बाहेर जातं, पण काही पाणी कापड आणि बॉडी यांच्या फटीत शिरतं. ते धरायला टपाच्या मागच्या कडेखाली एक पन्हळ आहे. पन्हळीच्या दोन्ही टोकांना, सीटबेल्ट जिथून बाहेर येतो त्या खांबाच्या मागे, एकेक भोक. भोकाला नळी, नळी खाली उतरून मागच्या चाकाच्या जरा पुढे रस्त्यावर उघडते. कौलारू घराची पन्हळ आणि मोरी असते तशीच व्यवस्था, फक्त लपवलेली.

आता त्यात काय पडतं बघा. मोठी पानं वरच अडतात, ती हाताने निघतात, त्यांची काळजी नको. त्रास देतात ती बारीक मंडळी: बर्चचं पंखवालं बी, पाइनच्या सुया, लाइमच्या (लिंबाच्या नव्हे, लिंडेनच्या) झाडाखाली उन्हाळ्यात पडणारा चिकट द्रव. या चिकट्याला धूळ धरते, धुळीला बी धरतं आणि नळीच्या तोंडाशी काळा, चिखलासारखा बोळा बसतो. जाळी असली तरी तीच आधी तुंबते. मोरी तुंबली की पन्हळ भरते आणि पाणी आत, सीटमागच्या आडव्या फळीवर, तिथून गालिच्यावर.

इथे फसगत अशी की गालिच्याखाली जाड फोम असतो. हीटर लावला की वरचा पृष्ठभाग दोन तासांत कोरडा होतो, हात फिरवला तर काही लागत नाही, आणि खाली फोम स्पंजासारखा पाणी धरून बसलेला असतो. पहिली खूण ओलाव्याची नसतेच. सकाळी पुढच्या काचेवर आतल्या बाजूने धुकं धरतं आणि गाडीत कपाटात विसरलेल्या ओल्या टॉवेलसारखा कुबट वास येतो. वास आला की सुगंधी झाडाचा पुठ्ठा आरशाला टांगू नका, सीट काढा.

सीट काढणं अवघड नाही. प्रत्येक सीटला चार बोल्ट, १४ मिलिमीटरचा पाना. पण सीटखाली एअरबॅगचा पिवळा कनेक्टर असतो, म्हणून आधी बॅटरीची ऋण तार सोडा, काही मिनिटं थांबा, मग कनेक्टर काढा. ही पायरी गाळून मध्येच किल्ली फिरवली की डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागतो आणि तो विझवायला पुन्हा पैसे. गालिचा उचलून फोमखाली जुने टॉवेल दाबा, दोनतीनदा बदला, मग काचा किंचित उघड्या ठेवण्यापेक्षा बंद ठेवून आत ओलावा शोषणारं यंत्र दोनतीन दिवस चालवा. इंग्लंडच्या हवेत काच उघडी ठेवून गाडी वाळत नाही.

मोरी साफ करायची रीत अशी. टप अर्धा उचला, म्हणजे मागचा कोपरा मोकळा होतो. बोटाने आणि जुन्या टूथब्रशने पन्हळीतला गाळ वर काढा. खाली ढकलू नका, नाहीतर तोच नळीत जाऊन बसतो. जाळी असेल तर काढून धुवा. मग गवत कापायच्या यंत्राची नायलॉन दोरी साधारण मीटरभर घ्या, तिचं टोक लायटरने वितळवून गोळी करा आणि फिरवत फिरवत नळीत सोडा. ट्रॉम्बोन हे वाद्य साफ करायची लवचिक तारही चालते. कपड्यांच्या हँगरची तार अजिबात नको, तिने नळी फाटते किंवा सांध्यातून निसटते, आणि मग पाणी थेट उंबऱ्यात, म्हणजे दाराखालच्या पत्र्याच्या पोकळ पट्टीत. हवेचा दाबही याच कारणासाठी नको. जुन्या पिढ्यांत नळीच्या खालच्या टोकाला रबराचे चपटे ओठ असतात. दोरी तिथे अडली तर जोर करू नका, खालून बोटांनी ते ओठ दाबा, काळा चिखल बाहेर येतो. शेवटी अर्धा लिटर पाणी हळूहळू ओता. चाकापुढे धार पडली पाहिजे. थेंब थेंब पडत असेल तर काम अर्धंच झालंय. दोन्ही बाजू मिळून पंधरा मिनिटं, खर्च शून्य.

कोकणात मृग लागायच्या आधी कौलं शाकारतात आणि पन्हळीतला पालापाचोळा काढतात. इथे मृग बारा महिने, त्यामुळे मोकळ्या जागी उभी असेल तर वर्षातून दोनदा, झाडाखाली असेल तर चारदा: पानगळ संपल्यावर नोव्हेंबरअखेर, मग फेब्रुवारी, जून, सप्टेंबर.

ओल दिसली की काही गॅरेजवाले सरळ नवा टप सुचवतात. टपाच्या किमतीत चांगले चार टायर येतात, म्हणून आधी पाणी कुठून येतं ते स्वतः बघा. सीटमागे ओल म्हणजे बहुधा मोरी. काचेच्या वरच्या कोपऱ्यातून दारावर, तिथून मांडीवर थेंब येत असेल तर रबराचा सील किंवा काचेची ठेवण. सीलवर खडूची पूड लावा, काच बंद करा, उघडा, जिथे काचेवर पांढरा डाग उमटला नाही तिथे फट आहे. पुढे पायाशी ओल असेल तर टपाचा काहीच संबंध नाही, दाराच्या आतला प्लास्टिकचा पडदा सुटलाय का किंवा पुढच्या काचेखालची पाण्याची वाट तुंबली आहे का ते पाहा. पाणी ओतून तपासायचं ते तांब्याने, खालून वर, एकेक जागा घेत. दाबाच्या पाण्याने धुतली तर कुठलीही कापडी टपाची गाडी गळेल, त्यातून काही कळत नाही.

इथवर लिहून तीन महिने झाले. तेव्हा पुढचं वाक्य होतं: ज्यांच्याकडे गॅरेज नाही त्यांनी कापडी टप सोडून याच गाडीचा कडक छताचा प्रकार, आरएफ, घ्यावा. ते वाक्य खोडलं. आरएफचं छत १३ सेकंदांत घडी होतं, ताशी १० किलोमीटरपर्यंत चालत्या गाडीतही, आणि दिसतं देखणं. पण घडी होणारं छत म्हटलं की पाणी कुठेतरी गोळा करावं लागतंच, त्यामुळे तिथेही पन्हळ आहे, नळी आहे, आणि तीही तुंबते. तिसऱ्या पिढीतल्या विजेवर घडी होणाऱ्या कडक छताचंही तेच. त्यात भर म्हणून मोटरी, सेन्सर, बिजागऱ्या. कापडी टपाला एक कडी आणि तुमचा उजवा हात लागतो, बसल्या जागेवरून. बिघडण्यासारखं त्यात फारसं काही नाही. शिवाय आरएफ उघडी असताना मोटरवेवर कानामागे वारा जो घोंघावतो, त्यापेक्षा कापडी टप पूर्ण उघडा असताना गोंगाट सुसह्य वाटतो. चोराने चाकूने टप फाडायची भीती खरी आहे. त्यावर उपाय एकच, आत काहीही ठेवायचं नाही.

आता उरलेलं भराभर. ही गाडी तुम्हाला झेपेल का?

उंची सहा फुटांच्या वर असेल तर टप बंद करून वीस मिनिटं बसून बघा. शोरूममध्ये टप उघडाच ठेवतात, त्यामुळे डोकं कुठे लागतं हे कळत नाही. २०१८ च्या शेवटी आलेल्या सुधारणेआधीच्या गाड्यांत स्टिअरिंग वरखाली होतं, पुढेमागे होत नाही. लांब पायांच्या माणसाने सीट मागे घेतली की हात ताणले जातात. गुडघे दुखणारं कुणी घरात असेल तर आधी त्यांना बसवा. बसायची पद्धत अशी: पाठ गाडीकडे, आधी बसायचं, मग दोन्ही पाय एकत्र उचलून आत. साडीत हे जमतं, घट्ट जीन्समध्ये त्याहून अवघड जातं. उतरताना दाराच्या वरच्या कडेला धरून उठायची सवय लावू नका, काच अर्धी खाली असेल तर सगळा भार तिच्यावर येतो.

डिकी १३० लिटर. टप उघडला तरी तिच्यात काही फरक पडत नाही, हे महत्त्वाचं. विमानात हातात नेतात तसल्या दोन मऊ बॅगा बसतात, कडक कवचाच्या कदाचित एकच. दहा किलोचा तांदूळ, दहा किलोचं पीठ आणि भाजी, एवढ्यात आठवड्याचा बाजार संपला पाहिजे. ग्लव्ह बॉक्स नाही, दोन सीटच्या मध्ये मागे एक छोटा कप्पा आहे. तिघांचं कुटुंब असेल आणि ही एकच गाडी असणार असेल तर पुढे वाचू नका.

स्टेपनी नाही. पंक्चरचा द्रव आणि कंप्रेसर मिळतो. द्रवाच्या बाटलीवर मुदतीची तारीख छापलेली असते. वापरलेल्या गाडीत ती हमखास उलटून गेलेली असते. टायरची बाजूची भिंत फाटली तर द्रवाचा उपयोग नाही, टो ट्रक बोलवावा लागतो. ज्यांचा प्रवास रात्रीचा आणि आडरानातला, त्यांनी मदतसेवेचं वार्षिक सदस्यत्व गाडीच्या किमतीतच धरावं.

इंजिन कोणतं, यावर लोक फार भांडतात. १.५ ची ताकद १३१-१३२ पीएस (अश्वशक्ती). २.० ची आधी १६०, २०१८ च्या सुधारणेनंतर १८४, आणि आधी मिनिटाला ६,८०० फेऱ्यांवर अडणारं इंजिन त्यानंतर ७,५०० पर्यंत जातं. १.५ पहिल्यापासूनच वरच्या फेऱ्यांत खुलतं, आणि गाव-गल्लीच्या वेगात तिचा दुसरा-तिसरा गिअर पूर्ण वापरता येतो. रोज मोटरवे असेल तर २.० घ्या, पण मग इतक्या आवाजाची गाडी रोज मोटरवेला का नेता हाही प्रश्न आहे. ताशी ७० मैलांवर शेजारच्याशी बोलता येतं, फोनवर बोलणं अशक्यच. १.५ पेट्रोल लिटरला पंधरा-सोळा किलोमीटर देते. या वर्गाच्या गाडीला ते कौतुकास्पद आहे, आणि काटकसरी माणसाला घरी सांगायला एक कारण मिळतं.

जुनी घ्यायची असेल तर पुन्हा मोरीकडेच यावं लागतं. पहिल्या दोन पिढ्यांत, म्हणजे २००५ पर्यंतच्या गाड्यांत, तुंबलेल्या पाण्याने उंबरा आतून गंजतो. बाहेर मागच्या चाकापुढे रंगाला फोड दिसतो तेव्हा आत चाळण झालेली असते. इंग्लंडच्या रस्त्यांवर हिवाळ्यात टाकलेलं मीठ खालून तेच काम करतं. खिशात लोहचुंबक न्या, कापडात गुंडाळून. उंबऱ्याच्या मागच्या टोकाला तो चिकटत नसेल तर खाली पत्रा नाही, पुट्टी आहे. दुसऱ्या पिढीत पुढच्या चाकांमधले चासीचे दांडेही खालून बघा. पहिल्या पिढीच्या मूळ टपाला प्लास्टिकची मागची काच असते, टप उघडण्याआधी तिची चेन सोडायची आणि थंडीत तिला घडी घालायचीच नाही, नाहीतर तडा जातो. गंजाची लेखी कुंडली फुकट मिळते: सरकारी संकेतस्थळावर नंबर प्लेट टाकली की २००५ पासूनच्या एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का याच्या सक्तीच्या वार्षिक तपासण्या दिसतात. चारपाच वर्षं लागोपाठ उंबऱ्यावर गंजाचा शेरा आणि मग अचानक एक वर्ष काहीच नाही, असं दिसलं तर विक्रेत्याला वेल्डिंगची पावती मागा. पावती नसेल तर तो रंगाचा हात आहे.

विम्याचा आकडा गाडी बघायला जाण्याआधीच काढा. नंतर काढला तर मन लागलेलं असतं आणि आकडा लहान वाटतो.

आणि गाडी बघायला जाताना अर्धा लिटर पाण्याची बाटली सोबत न्या. विक्रेत्याला टप अर्धा उचलायला सांगा, सीटबेल्टच्या खांबामागे दोन्ही बाजूंना पाणी ओता आणि चाकापुढे वाका. डावीकडे धार आली आणि उजवीकडे काहीच नाही, तर सीट पुढे सरकवून त्या बाजूच्या गालिच्यावर गुडघा टेकून सगळं वजन द्या. हाताने दाबलेल्या फोमला पाणी सुटत नाही, गुडघ्याखाली सुटतं. पँट भिजली तर किमतीवर बोलायला सुरुवात तिथून करा.