अमेरिका की जर्मनी? पगाराआधी रांग बघा

इंजिनिअरिंग झालं की पुण्यातल्या घराघरात हा वाद ठरलेला. पगारात अमेरिकेला तोड नाही, त्यावर काथ्याकूट नको. प्रश्न तिथे टिकण्याचा आहे. एच-१बी, म्हणजे तिथला नोकरीचा व्हिसा, सोडतीत लागणार. कंपन्यांसाठी वर्षाला ८५ हजार जागा आणि अर्जदार कितीतरी पट. लागला, तरी पुढे ग्रीन कार्ड, म्हणजे कायम राहण्याचा परवाना. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांत एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा, त्यामुळे भारतीयांची रांग हलता हलत नाही. मुलगा २१ वर्षांचा झाला की आईवडिलांच्या व्हिसावरून त्याचं नाव उतरतं, मग त्याची वेगळी धावपळ. नोकरी गेली तर नवी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस. घराचे हप्ते चालू असताना!

जर्मनीत पहिली पगाराची स्लिप बघून पोटात गोळा येतो, कर आणि विमा एवढा कापतात. पण ब्लू कार्डवाल्याला (हा तिथला उच्चशिक्षितांचा नोकरीचा परवाना) बी-१, म्हणजे मध्यम पातळीचं जर्मन येत असेल तर २१ महिन्यांत कायमचा परवाना मिळू शकतो. नुसत्या ए-१, म्हणजे अगदी प्राथमिक पातळीवर २७. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्कही नाही. किंमत मोजायची ती भाषेत. ऑफिसात इंग्रजी चालून जातं, घरमालकाचं पत्र मात्र जर्मनमध्येच येतं.

शिक्षणासाठी कर्ज काढणार असाल, तर सोडतीच्या भरवशावर अमेरिका मी तरी सुचवणार नाही. घरचा पैसा असेल तर खुशाल जा.