केस वाढवताना स्ट्रेटनर: कमी करावा की बंदच करावा?

उष्णतेने केस का खराब होतात आणि एकदा बिघडलेला केस दुरुस्त का होत नाही, हे पुन्हा सांगत बसत नाही. वरून नव्या वाढीच्या लाटा आणि खालून वर्षानुवर्षे स्ट्रेटनर फिरवून सरळ, खरखरीत झालेली सुतळी, ही अवस्था तुम्ही रोज आरशात बघतच असाल. प्रश्न एवढाच उरतो की खालची सुतळी कापून संपेपर्यंतचा काळ काढायचा कसा. केस महिन्याला एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे खांद्यापर्यंत केस असले तरी हा काळ दोन वर्षांच्या आत सहसा आटपत नाही.

मी दोन्ही करून पाहिलं आहे. आधी सात महिने 'आठवड्यातून एकदाच', आणि त्यानंतर आजवर चौदा महिने पूर्ण बंद. त्यामुळे खाली जे लिहिते आहे ते एकाच डोक्यावरचं आहे, तेवढं लक्षात ठेवून वाचा. रीबॉन्डिंग केलेल्यांची गोष्ट निराळी. तिथे केसाचे आतले पक्के बंधच रसायनाने तोडून नव्याने जोडलेले असतात.

तिसराही एक रस्ता आहे: खराब भाग एका दिवसात कापून मोकळं व्हायचं. तो सगळ्यात शहाणपणाचा. मी दोनदा खुर्चीत बसून, गळ्याभोवती कापड बांधून घेऊन, 'फक्त टोकं' म्हणाले आणि उठले. ज्यांना जमतं त्यांनी हे पुढचं वाचायची गरज नाही.

तर आधी 'कमी करा' या बाजूने. तिच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे आणि बंदवाले ते सहसा कबूल करत नाहीत. पहिलं म्हणजे गुंता. वळणारा नवा केस आणि सरळ जुना केस जिथे भेटतात, तो जोड सगळ्यात नाजूक असतो आणि गुंता नेमका तिथेच होतो. स्ट्रेटनर फिरवला की सगळे केस एका दिशेला बसतात आणि कंगवा अडत नाही. पूर्ण बंद केल्यावर पहिल्या दोन महिन्यांत माझ्या कंगव्यात जास्त केस यायला लागले, कमी नाही. मुळापासून आलेले नव्हेत, मधूनच तुटलेले. म्हणजे उष्णतेने होणारं नुकसान थांबलं, पण ओढाताणीने होणारं वाढलं. कंडिशनर लावून, ओल्या केसांतच, रुंद दातांच्या कंगव्याने टोकांकडून वर विंचरायला शिकेपर्यंत हे असंच चाललं.

दुसरं, दिसणं. कमी करणाऱ्याचे केस कायम बरे दिसतात. कुणी 'बरं नाही का गं?' असं विचारत नाही. रोज चार लोकांसमोर उभं राहण्याचं काम असेल तर ही छोटी गोष्ट नाही, आणि 'लोकांना काय वाटतं याचा विचार करू नका' हे सांगणाऱ्यांचे केस बहुतेक वेळा चांगले असतात.

तापमानाचं म्हणाल, तर मी मशीन २१० वरून १७० वर आणलं, संरक्षक स्प्रे मारायला लागले, आणि स्वतःवर खूश झाले. मग कळलं की २१० ला एका फेरीत होणारं काम १७० ला तीन फेऱ्या घेतं. स्प्रे उष्णता पसरवतो, तिचा मारा थोडा कमी करतो, अडवत नाही. आणि घाईच्या दिवशी केस पूर्ण वाळलेले नसतातच. ती चर्र आवाज करून निघणारी वाफ आठवते ना? ते केसातलं पाणी उकळत असतं. त्याने केसाच्या आत अक्षरशः बुडबुडे तयार होतात, 'बबल हेअर' म्हणतात त्याला, आणि त्यासाठी १२५ अंशांचा कर्लर मिनिटभर धरला तरी पुरतो. म्हणजे ओल्या केसांवर 'कमी तापमान' हा दिलासा फारसा कामाचा नाही.

तरीही, एवढ्यावरून मी कमी करणं सोडलं नसतं. माझं बिनसलं ते उजवीकडच्या एका बटीवरून.

भांगाशेजारची, चेहऱ्यावर येणारी, बोटाएवढ्या जाडीची बट. रविवारी सगळे केस सरळ केले की बाकीचे गुरुवारपर्यंत नीट राहायचे. ही मात्र सोमवारी सकाळीच मुळाशी वळलेली असायची. कपाळाचा घाम, तोंड धुताना उडालेले चार थेंब, तिला काहीही पुरायचं. इस्त्रीने बसवलेला आकार हायड्रोजन बंधांच्या भरवशावर असतो आणि ते बंध पाण्याने सुटतात. चेहऱ्याजवळच्या केसांना पाणी सगळ्यात आधी लागतं, सगळ्यात जास्त लागतं. तर मग सोमवारी 'फक्त एवढीच बट'. दहा सेकंदांच्या कामासाठी मशीन तापवायचं. मंगळवारी पुन्हा. बुधवारी उजवी फार सरळ दिसते म्हणून जोडीला डावी.

आणि हे मी मोजतच नव्हते! कुणी विचारलं तर मी खऱ्या मनाने सांगायची, 'आठवड्यातून एकदाच हो.' डोक्यातल्या वहीत फक्त रविवार लिहिलेला. उपासाला चालतं म्हणून दिवसभर खाणारी माणसं असतात, तसलं माझं चाललं होतं.

पाचव्या महिन्यात केस वर बांधायला गेले तर ती बट बांधलीच जाईना. बाकीचे खांद्यापाशी, ही हनुवटीपाशी संपलेली. कापली नव्हती कुणी; तुटत तुटत तिथवर आली होती. आखूड झाल्यामुळे ती आणखी उभी राहायची, म्हणून आणखी इस्त्री, म्हणून आणखी आखूड. तरी पुढचे दोन महिने मी हेच करत राहिले, तेही सांगून टाकते.

बंद केल्यावर काही आठवड्यांनी दुसरी गोष्ट लक्षात आली, आणि ती मला मोजणीच्या गफलतीपेक्षा मोठी वाटते. एका डोक्यावर दोन प्रकारचे केस असले की कुणाला तरी कुणासारखं व्हावं लागतं. स्ट्रेटनर हातात घेतला की वरचे नवे, धडधाकट केस खालच्या जळक्या टोकांसारखे करायचे असतात. जे सांभाळायचं त्याला चटका, आणि जे पुढच्या महिन्यात कापायचं आहे तो नमुना. उलट, केस ऐंशी-नव्वद टक्के वाळले की दोन सैल वेण्या घालून झोपलं, तर सकाळी खालची टोकं वरच्या लाटांसारखी दिसतात. दुपारपर्यंतच, मान्य. पण नक्कल कोण कोणाची करतंय ते बघा. (वेणी सैलच हवी. घट्ट घातली तर जोडावरच ताण येतो, आणि केस ओले असताना तर अजिबात नको; ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो.)

मोजमाप म्हणाल तर माझ्याकडे एकच आहे, आणि ते डोक्यावरच आहे. मागची एखादी बट ओली करून ताणली की तिच्यात तीन पट्टे स्पष्ट दिसतात. मुळापासून साधारण पंधरा सेंटिमीटर, म्हणजे पूर्ण बंद केल्यानंतरची वाढ: इंग्रजी एससारखी नीट लाट, बोट फिरवलं तर गुळगुळीत. सगळ्यात खाली जुना भाग: सरळ, खरखरीत, ओला असताना च्युइंगमसारखा ताणला जाणारा आणि परत न येणारा. निरोगी ओला केस तीसेक टक्के ताणूनही सोडल्यावर पूर्ववत होतो, हा नाही. आणि या दोन्हींच्या मध्ये सात-आठ सेंटिमीटरचा एक तुकडा आहे. लाट आहे, पण कुणीतरी तळहाताने दाबून ठेवल्यासारखी. कितीही धुवा, कंडिशनर लावा, जेल लावून मुठीत दाबा, ती पुरती उठत नाही.

तो मधला तुकडा म्हणजे माझे 'कमी'चे सात महिने. उगवला तेव्हा तो पूर्ण नवा होता. आता तोही कापायच्या यादीत आहे.

असो. पूर्ण बंद करण्यात सगळं गोड नाही. तिसरा ते सहावा महिना वाईट असतो: वरून फुगा, खालून शेपटी. लांबी वाढत नाही, कारण जेवढी वाढ होते त्याहून थोडं जास्तच कापावं लागतं. मी दर दोन महिन्यांनी तीन सेंटिमीटर कापते आणि एकवीस महिन्यांनंतर माझे केस सुरुवातीपेक्षा थोडे आखूडच आहेत. 'केस वाढवतेय' असं सांगितलं की समोरचा नजरेने केस मोजतो आणि गप्प बसतो. केस धुण्याचा दिवस म्हणजे निम्मा दिवस. जेल वाळून कडक झाल्यावर तो मुठीत चुरगाळून मोडायचा असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे पहिले दोन आठवडे मी शिरस्त्राण घातल्यासारखी वावरले.

वाळवण्याबद्दल जरा थांबून बोलते, कारण इथे बंदवाले अति करतात. खराब केसावरचा पाणी झटकणारा तेलकट थर गेलेला असतो, त्यामुळे तो पाणी पितो आणि सोडत नाही. माझे केस आपोआप वाळायला पाच-पाच तास लागायचे. आपोआप वाळवणं म्हणजे शून्य नुकसान असं मीही धरून चालले होते. पण कोरियातल्या संशोधकांनी २०११ मध्ये हे तपासलं तेव्हा वेगळंच दिसलं. १५ सेंटिमीटरवरून, सतत हलवत वापरलेल्या ड्रायरची उष्णता केसापाशी ४७ अंश होती. ड्रायरने केसाचा पृष्ठभाग जास्त खडबडीत केला, हे खरं. पण पेशींना जोडणारा आतला थर बिघडला तो फक्त आपोआप वाळवलेल्या केसांचा. बराच वेळ ओलं राहणंही केसाला मानवत नाही, असा त्याचा अर्थ मी लावला. अंतर मात्र सांभाळायला हवं: ५ सेंटिमीटरवर तोच ड्रायर ९५ अंशांवर गेला होता.

म्हणून माझं 'पूर्ण बंद' म्हणजे स्ट्रेटनर आणि कर्लर बंद. सुती टीशर्टमध्ये केस दाबून पाणी काढल्यावर डिफ्यूझर (हवा पसरवणारं रुंद तोंड) लावलेला ड्रायर, सगळ्यात कमी उष्णतेवर, वीतभर लांबून, दहा मिनिटं. ज्यांना हेही उष्णतेत धरायचं असेल त्यांनी खुशाल धरावं. मला फरक वाटतो तो असा की ड्रायर केसाचा आकार बदलायला सांगत नाही, वाळायला सांगतो. आणि एका बटीसाठी सकाळी ड्रायर तापवावासा वाटत नाही.

धुण्याआधी खोबरेल तेल हा जुना उपाय मी दोन्ही काळांत केला. ते केसाच्या आत शिरतं आणि धुताना जाणारी प्रथिनं काही प्रमाणात वाचवतं, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. पण त्याने लाट परत येत नाही, तेवढी अपेक्षा ठेवू नका.

मग कुणी काय करावं? तुमचं नुकसान हलकं असेल, म्हणजे चार-पाच वेळा धुतल्यावर खालच्या टोकांतही थोडी का होईना लाट उठत असेल, तर कमी करूनही निभावेल कदाचित. महिन्यातून एखाद्या समारंभाला इस्त्री करून दुसऱ्या दिवशी मशीन विसरू शकणारी माणसंही मी पाहिली आहेत, आणि त्यांना बंद करायला सांगणारी मी कोण. तुम्ही त्यांच्यापैकी आहात का, हे ओळखायची माझी एक साधी पद्धत आहे. चेहऱ्यावर येणारी पुढची बट आणि मानेमागची एक बट शेजारी शेजारी धरा. लांबी आणि टोकांचा पोत सारखा असेल तर तुमचा हिशेब खरा आहे. पुढची आखूड, फाटकी असेल तर तुमच्याही वहीत फक्त रविवार लिहिलेला आहे, आणि मग माझ्या मते कमी करण्याच्या भानगडीत न पडलेलंच बरं. मशीन कपाटात ठेवूनही उपयोग नाही. घराबाहेर गेलेलं बरं.

माझी उजवी बट आता बाकीच्यांच्या बरोबरीने खांद्याला टेकते. कपाळापाशी वळते, कानाशी पुन्हा वळते, तिला वाटेल तिथे वळते. खाली पाच-सहा बोटं जुना भाग शिल्लक आहे, शिवाय तो मधला दबलेला तुकडा. स्ट्रेटनर मावसबहीण घेऊन गेली. परवा फोनवर विचारलं, तर म्हणाली, 'आठवड्यातून एकदाच वापरते गं.'