गिअरबॉक्स गेला म्हणून ८५ हजार घेतले, निघालं चाकाचं बेरिंग (जळगावचा अनुभव)

नमस्कार मंडळी, ज्यांची ऑटोमॅटिक गाडी वॉरंटीच्या बाहेर गेलीये त्यांनी हे वाचाच, खास करून आपल्या जळगाव धुळ्याकडच्यांनी.

माझी सेकंडहँड सेडान आहे, टॉर्क कन्व्हर्टरवाली (म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स तेलातून जोडलेली ऑटोमॅटिक). फागणे-तरसोद हायवेचं चौपदरीकरण किती रखडलं ते सगळ्यांना माहितीये, गाडी कायम त्याच खड्ड्यांतून पळायची. साठच्या पुढे गेलं की खालून घुंऽऽ असा आवाज यायला लागला, स्पीड वाढला की तोही वाढायचा, शेवटी तर गाणी ऐकू येईनात. गिअर मात्र मऊ पडत होते, झटका नाही, स्लिप नाही, पिकअपही तोच.

जळगावात ऑटोमॅटिक स्पेशालिस्ट असा बोर्ड लावलेलं एक गॅरेज आहे, नाव लिहीत नाही कारण प्रकरण चालूये. माणूस बोलायला एकदम गोड, चहा मागवला, आणि गाडी रोडवर न नेता जागेवरच पी (पार्किंग) मधे ठेवून रेस केली. आता उभ्या गाडीत आवाज येतच नव्हता! मी म्हटलं अहो हा चालताना येतो, तर म्हणे "साहेब लोड आल्यावरच येणार ना, गिअरबॉक्सचं असंच असतं". मग खालचं ऑइल पॅन खोललं आणि त्यातलं चुंबक माझ्या नाकासमोर धरलं. त्यावर राखाडी लगदा, बोटावर घेतला तर काजळासारखा गुळगुळीत. "बघा, आतलं लोखंड झिजून बाहेर आलं, क्लच प्लेटा गेल्या, अजून चालवली तर दोन लाखाला जाल." ओव्हरहॉलचे (आख्खा गिअरबॉक्स खोलून दुरुस्तीचे) ८५ हजार ठरले, ४० यूपीआयने अ‍ॅडव्हान्स, बाकी गाडी घेताना कॅश, आणि बिल म्हणजे वहीचा फाडलेला कागद.

ते चुंबक कंपनीनेच तो लगदा धरून ठेवायला बसवलेलं असतं हो. बारीक लगदा चांगल्या गाडीतही जमतो. हाताला टोचणारे कण, चमकणारे तुकडे निघाले, किंवा ऑइल काळं पडून जळका वास मारतंय, तर घाबरायचं. माझं ऑइल लालसरच होतं.

गाडी मिळाली, आवाज तोच. म्हणे प्लेटा नव्या आहेत, हजार किलोमीटर तरी सेट व्हायला लागतात. तेवढी चालवली, आवाज अजून वाढला आणि यांनी फोन उचलणं बंद केलं.

मग मेव्हण्याने पारोळ्याला एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे नेलं. जन्मभर ट्रॅक्टर आणि जीपा केलेला माणूस, मला काही भरवसा नव्हता खरं. पण तो आधी शेजारी बसून चक्कर मारून आला. डावीकडे लांब वळण घेतलं की आवाज वाढायचा, उजवीकडे घेतलं की कमी. सरळ मोकळ्या रोडवर न्यूट्रल टाकायला लावलं (गर्दीत करू नका, आणि इंजिन बंद तर अजिबात नाही), इंजिनची रेस खाली आली पण घुंऽऽ तसंच. परत आल्यावर मागच्या चाकांना दगड, हँडब्रेक, न्यूट्रल, पुढचं उजवं चाक जॅकवर. एका हाताने चाक फिरवलं आणि माझा हात स्प्रिंगवर ठेवला, आत वाळू दळल्यासारखी करकर हाताला लागत होती. "भाऊ, हाऊ बेरिंगना आवाज शे, गिअरबॉक्सले काई व्हयेल नही." म्हणजे आवाज बेरिंगचा, गिअरबॉक्सला काही झालेलं नाही. डाव्या वळणावर गाडीचा भार उजव्या चाकावर येतो म्हणून तिथेच ओरडायचं.

खरा धक्का त्यानंतर. त्याने टॉर्च मारून गाडीखाली बोलावलं. ऑटोमॅटिकचं ओव्हरहॉल करायचं तर आख्खा गिअरबॉक्स इंजिनपासून सोडवून खाली घ्यावा लागतो. माझ्या गिअरबॉक्सच्या बोल्टवर जुना वाळका चिखल तसाच, कंपनीच्या रंगाच्या खुणाही जशाच्या तशा, पाना लागलेलाच नाही. नवीन काय होतं, तर फक्त पॅनचं गॅस्केट. म्हणजे ८५ हजारात यांनी पॅन खोलून बंद केलं! बेरिंग मजुरीसकट साडेतीन हजारात झालं आणि आवाज गायब.

तर कुणी आवाज ऐकून थेट गिअरबॉक्स म्हटलं तर आधी शेजारी बसवून चालवून दाखवा. स्टेअरिंग पूर्ण फिरवून वळताना कटकट येत असेल तर बहुतेक सीव्ही जॉईंट (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा), तिथलं रबर फाटून ग्रीस उडालेलं दिसतं. डी-आर (पुढचा-मागचा गिअर) करताना धप्प होत असेल तर इंजिनचं फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसतं ते रबर) बघायला सांगा. उभ्या गाडीत रेस केल्यावरही येत असेल तर इंजिन, कन्व्हर्टर किंवा गिअरबॉक्सच्या ऑइल पंपाकडे बघायचं. आणि गिअरबॉक्स खरंच उतरवायचाच असेल तर उतरवलेला समोर बघायचा, फोटो काढायचे, जुना माल ताब्यात घ्यायचा, बिल जीएसटी नंबरवालंच.

मी १९१५ वर (राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन) तक्रार नोंदवलीये आणि जिल्हा ग्राहक आयोगातही जातोय, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. पुरावा म्हणजे ४० हजारांचं यूपीआय आणि बोल्टचे फोटो. मधे एकदा त्या गॅरेजवाल्याला गाठला तेव्हा म्हटलं बरं, काढलेल्या जुन्या प्लेटा तरी दाखव. म्हणे भंगारवाल्याला दिल्या.